सुताची नाडी

त्या सकाळी आबांनी डोळे उघडले आणि चहाच्या आधी नाडी मागितली.

“कसली नाडी?” आई म्हणाली.

“लेंग्याची. आपली, घरी वळलेली. जरा लांब बघून दे.”

“डॉक्टरांनी उशीवरचं डोकं हलवू नका म्हणून सांगितलंय. निजलेल्या माणसाला नवी नाडी कशाला लागते? आहे ती तुटली का?”

“तुटली नाही. तू दे.”

आईनं माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि हळूच म्हणाली, “मार जास्तच लागलाय गं.”

“डोक्याला लागलाय, कानाला नाही,” आबा म्हणाले.

माझे वडील दौलतराव खराडे कुंभेरीच्या ठाण्यात जमादार होते. शिपाई म्हणून लागले आणि जमादार होऊन निवृत्त झाले. फौजदार काही झाले नाहीत, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं असं मला कधी दिसलं नाही. उंच, वाळके, मिशा मात्र दोघांना पुरतील एवढ्या. निवृत्त झाल्यावर आम्ही पोलीस लायनीलगतच्या घरात राहायला आलो, तरी ठाण्याचे टोल पडले की ते कोटातलं घड्याळ काढून बघायचे आणि दोन्हींत फरक दिसला तर ठाण्याचं चुकलं म्हणायचे. बाजारात कुठं आरडाओरडा झाला की त्यांचा हात कमरेच्या पट्ट्याकडे जायचा. पट्टा तर सरकारजमा झालेला. मग तोच हात खिशात घालून, जणू त्यासाठीच खाली गेला होता असं दाखवत, ते तंबाखूची डबी बाहेर काढायचे.

आणि आमच्या घरी नाड्या वळल्या जायच्या. पोलीस लायनीतल्या बाकीच्या बायका संध्याकाळी ओट्यावर वाती वळत, तांदूळ निवडत. माझी आई नाड्या वळायची. सुताचं एक टोक मी पायाच्या अंगठ्यात धरायची आणि दुसऱ्या टोकाला आई मांडीवर पीळ द्यायची. शेजारच्या हवालदारीणबाई विचारायच्या, “काय जमादारीणबाई, दुकान टाकताय का?” आई म्हणायची, “यांना विचारा.” आबांना विचारलं तर एकच उत्तर, “लागते कुणाकुणाला.” महिन्याकाठी एखाददुसरी नाडी त्यांच्या खाकी चड्डीच्या खिशातून बाहेर जायची, ती परत यायची नाही. आई समजायची, कुणा गरिबाला देत असतील. मी तर लहान होते. मला वाटायचं, सगळ्याच पोलिसांच्या घरी नाड्या वळतात.

आईनं ट्रंकेतून नाडी काढून दिली. आबांनी ती ताणून बघितली, बोटांभोवती गुंडाळली आणि मला हाक मारली.

“कले, इकडं ये. ही पिशवीत ठेव. कचेरीत गेलीस की मामलेदारांच्या हातात द्यायची. तू आत जायच्या आधी. फौजदार रणनवऱ्यांच्या हातात नाही, महिपती हवालदाराच्या हातात नाही. मामलेदारांच्या.”

“आणि सांगू काय?”

“जमादारानं दिलीय म्हणून सांग. त्यांना कळेल.”

“नाही कळलं तर?”

“तर तुला कळेल,” आबा म्हणाले, आणि मग त्यांनी चहा मागितला.

मला कळण्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या दिवशी एकाच गोष्टीवर होतं. ज्या माणसानं माझ्या वडिलांचं डोकं फोडलं, त्याच्या खांद्यावर मला हात ठेवायचा होता.

झालं होतं ते असं. मंगळवारचा बाजार उठत आला होता, दिवेलागण होत होती. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळा सुटल्यावर वाण्याकडून गोडेतेलाची बाटली भरून घेऊन घरी निघाले होते. लाकडाच्या वखारीच्या बोळात आबा शिरताना मला लांबून दिसले. संध्याकाळचा फेरफटका संपवून तेही घरीच चालले होते. मी पाय उचलला. तेवढ्यात बोळातून नारळ फोडल्यासारखा आवाज आला, आणि पाठोपाठ एक माणूस धावत बाहेर आला तो थेट माझ्या अंगावर. कोपऱ्यावर पानाचं दुकान होतं, त्याची बत्ती नुकतीच लागलेली. त्या उजेडात त्याचा चेहरा माझ्यासमोर आला, मग त्याचा खांदा मला लागला, बाटली फुटली, आणि तो बाजारातल्या गर्दीत मिसळला. आबा वखारीच्या भिंतीशी पालथे पडले होते. डोक्याचा रुमाल लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंभेरीला गुन्हेगाराचं नाव ठाऊक होतं. गेनू मदने. हा गेनू बाजारातून बैल पळवायचा. आबांनी त्याला रंगेहाथ पकडून तुरुंगात घातलं होतं, आणि शिक्षा ऐकल्यावर तो भर कोर्टात ओरडला होता, “सुटलो की बघून घेतो, जमादार.” दिवाळीत तो सुटला होता. मंगळवारी बाजारात दिसलाही होता. आणखी काय पाहिजे? बुधवारी दुपारी त्याला धरून आणला. मी त्याला जन्मात कधी पाहिलं नव्हतं, तरी नाव ऐकल्याबरोबर बोळातला तो चेहरा आणि हे नाव माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसले.

एकट्या आबांना काही तितकं पटलेलं दिसत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिलं विचारलं, “किती वेळ पाहिलास त्याला?”

“आवंढा गिळेपर्यंत.”

“म्हणजे काही कमी नाही. कसा होता?”

“गाल बसलेले. भुवया जुळलेल्या. वरचा ओठ आखूड, दात दिसत होते.”

“ओळखशील?”

“कुठंही ओळखेन.”

“बरं,” आबा म्हणाले. तेवढंच.

शनिवारी ओळख परेड ठरली. ही परेड म्हणजे काय, ते आमच्या लायनीतल्या पोरांनाही ठाऊक असायचं. आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सात-आठ माणसांत उभा करतात. साक्षीदारानं एकेकाचा चेहरा बघत जायचं आणि ओळखीचा दिसेल त्याच्या खांद्याला हात लावायचा. पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. हे काम मामलेदार करतात. मामलेदारांनी लिहून घेतलं, की कोर्टात त्या हाताला फार वजन असतं. माझा हात लागला असता तर गेनू पुन्हा आत गेला असता, आणि या खेपेला लवकर बाहेर आला नसता.

मला न्यायला महिपती हवालदार आला. तो आबांच्या हाताखाली शिकलेला. नवीन शिपाई म्हणून आला तेव्हा त्याला फेटासुद्धा बांधता येत नव्हता. तो आबांनी शिकवला. आबांना उचलून दवाखान्यात नेताना तो लहान मुलासारखा रडला होता.

“काकी, येतो आम्ही,” तो आईला म्हणाला. “जमादारसाहेब, तुम्ही काळजी करू नका. आज निकाल लावतो.”

“निकाल तू लावणार?” आबा म्हणाले. “मग कोर्ट बंद करायला सांगतो.”

महिपती हसला, पण मनापासून नाही. रस्त्यानं तो माझ्या पुढे दोन पावलं चालत होता. देवळाजवळ आल्यावर थांबला.

“अक्का, एक सांगू का? चेहरा नाही आठवला तरी घाबरायचं नाही.”

“आठवतोय की. चांगला आठवतोय.”

“ते झालंच. पण समजा, बघताना गडबडला. आठ-आठ माणसं उभी असतात. अशा वेळी हात बघायचे.”

“कुणाचे हात?”

“सगळ्यांचे. ज्याचा हात कमरेला, तो आपला माणूस.” एवढं बोलून त्यानं इकडेतिकडे बघितलं. “मी काही सांगितलं नाही बरं का. जमादारांसाठी आपलं बोललो.”

मी मान हलवली. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जिभेवर माझ्या वडिलांवरचंच प्रेम होतं. पण हात कमरेला म्हणजे काय, ते मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही. एखाद्याला कमरेवर हात ठेवून उभं राहायची सवय असते, तसं असेल असं मला वाटलं.

कचेरीत मला कारकुनांच्या एका रिकाम्या खोलीत बसवलं. परेड पलीकडच्या दालनात होती. मधल्या अंगणात बाजारातून गोळा करून आणलेली माणसं चहा पीत होती. सगळी लेंगेवाली बघून आणलेली, कारण गेनूही लेंगाच घालायचा. माझ्या खिडकीकडे पाठ करून त्यांची चेष्टामस्करी चालली होती. एक जण म्हणत होता, “बाईंनी मलाच हात लावला तर माझ्या बायकोला निरोप कोण देणार?” दुसरा म्हणाला, “तिला निरोप कशाला, पेढे दे.” मग एका शिपायानं त्यांना दालनात नेलं आणि माझ्या खोलीची खिडकी लावून घेतली.

खिडकी जुनी होती. फळीला खालच्या अंगाला हातभर चीर होती. मी मुद्दाम वाकून बघितलं असं नाही, पण डोळे तिथंच होते. अंगणातून दोन शिपाई एका माणसाला घेऊन आले. त्याच्या डोक्यावरून घोंगडी टाकलेली, म्हणजे साक्षीदाराला चेहरा आधी दिसू नये. मला दिसले ते फक्त छातीपासून पाय. एका मनगटाला दोरी होती, ती शिपायाच्या हातात. दुसऱ्या हातानं त्या माणसानं आपला लेंगा कमरेशी मुठीत धरला होता.

पायरीवर तो अडखळला. घोंगडीखालून त्याला पायरी दिसली नसणार. तोल सावरायला त्यानं धरलेला हात सोडला, भिंतीला लावला, आणि लेंगा खाली घसरला. शिपाई हसले. त्यानं घाईघाईनं लेंगा वर ओढून पुन्हा मुठीत धरला. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

आणि मला एकदम सगळं कळलं.

कोठडीत टाकताना माणसाच्या अंगावरची प्रत्येक दोरी काढून घेतात. करगोटा, गळ्यातला ताईत, लेंग्याची नाडी. आत कुणी गळफास लावून घेऊ नये म्हणून. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाण्यातल्या खुंटीवर लोंबणाऱ्या नाड्या मी आबांना डबा द्यायला जायची तेव्हा पाहिलेल्या होत्या. कोठडीतून परेडीला आणताना ती नाडी परत द्यायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, किंवा राहू देत नाहीत. मग बाजारातली सात माणसं हात सोडून आरामात उभी असतात आणि आठवा लेंगा धरून उभा असतो. साक्षीदार गोंधळलेला असतो. त्याला कुणीतरी ओळखायचा असतोच. नजर त्या हातावर जाते, हातावरून तोंडावर जाते, आणि वाटतं, हाच तो.

आई मांडीवर पीळ द्यायची, मी अंगठ्यात टोक धरायची, ती प्रत्येक नाडी कुठं जात होती, ते त्या खिडकीशी मला कळलं. आबांनी पकडलेल्याच माणसांच्या कमरेला.

माझ्या पिशवीत तशी एक नाडी होती.

इथं मला एक सांगितलं पाहिजे. कळलं म्हणून माझं मन लगेच निवळलं असं नाही. गेनूनंच आबांना मारलं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. घरी आबा डोकं बांधून निजले होते आणि चौदा टाके पडलेली ती खोक मी रोज बघत होते. मनात आलं, ही नाडी पिशवीतच राहिली तर? कुणी विचारणार नाही. आत जायचं, कमरेला हात असलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा. मी खोटंही बोलत नव्हते. मला तोच वाटत होता. मी खुर्चीवरून उठले आणि दाराशी येऊन उभी राहिले, तोपर्यंत हे सगळं माझ्याबरोबर चालत आलं.

दारात मामलेदार सबनीस होते. गोरे, ठेंगणे, तपकिरीचा डाग पडलेला उपरण्याचा शेव.

“चला, बाई. भिऊ नका.”

“साहेब, हे आबांनी दिलंय. जमादार खराड्यांनी. तुमच्या हातात द्यायला सांगितलं, मी आत जायच्या आधी.”

त्यांनी नाडीचं वेटोळं तळहातावर घेऊन बघितलं. “हे काय? नाडी?”

त्यांना कळलं नव्हतं. बिचारे कुंभेरीला बदलून आले होते त्याला फार दिवस झाले नव्हते. आबांची आणि त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

“आत आठ माणसं आहेत, साहेब,” मी म्हणाले. “त्यांत एकाच्या लेंग्याला नाडी नाही. त्याला द्या.”

मामलेदारांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांना शिवी दिली असती तरी ते इतके दचकले नसते. मग ते वळून दालनात गेले आणि लगेच बाहेर आले. चेहरा लाल झाला होता. व्हरांड्याच्या टोकाला फौजदार रणनवरे उभे होते, नवीन, तरुण, कडक इस्त्रीचे.

“फौजदार, तुमच्या माणसाची नाडी कुठाय?”

“लॉकअपच्या नियमाप्रमाणे काढलीय, साहेब.”

“लॉकअपचा नियम लॉकअपात. ही माझी कचेरी आहे.”

“साहेब, एवढ्याशा नाडीनं काय—”

“एवढ्याशा नाडीनं काही होत नसेल तर बांधायला काय हरकत आहे?” मामलेदार म्हणाले. मग दारातल्या पट्टेवाल्याकडे वळले. “ही त्याला दे. म्हणावं बांध.”

पट्टेवाला नाडी हातात धरून घुटमळला. “साहेब, ओवायची कशानं? लेंग्याच्या नेफ्यात नाडी नुसत्या बोटांनी जात नाही.”

मामलेदारांनी खिसे चाचपले. कारकुनानं टाक पुढे केला, तो जाड होता. आबांनी सगळा विचार केला होता, पण घरी त्यांच्या नाड्या आईनंच ओवल्या होत्या, आणि ठाण्यात दिलेली नाडी ज्याची त्यानं ओवून घेतलेली. हे त्यांच्या ध्यानात कुठून येणार?

मी अंबाड्यात हात घातला आणि केसांचा आकडा काढला. आईनं मला नोकरी लागल्यावर घेऊन दिलेला, पितळी, चांगला लांब. नाडीचं टोक मीच त्या आकड्याला बांधून दिलं. गाठ पक्की बसली ना, हे ओढून बघितलं.

“हे घ्या. आता जाईल.”

महिपती व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं ते सगळं बघितलं आणि मान वळवली.

थोड्या वेळानं मला आत बोलावलं. मी पाठीवर केस मोकळे सोडून दालनात गेले. आमच्या काळी कचेरीत असं जाणं म्हणजे चर्चेचा विषय होता, पण त्या दिवशी त्याचं मला काही वाटलं नाही.

आठ माणसं भिंतीशी उभी होती. आठही सारख्याच लेंगा-बंडीत, हात सोडून, सरळ. मी पहिल्यापासून सुरुवात केली. एकेकाच्या समोर थांबले, डोळ्यांत बघितलं. कुणाच्या मिशा होत्या, कुणाला देवीचे वण होते, एकाला हसू आवरत नव्हतं. बोळातला चेहरा माझ्या डोळ्यांसमोर लख्ख होता. बसलेले गाल, जुळलेल्या भुवया, आखूड ओठ. तो त्या आठांत नव्हता.

मी पुन्हा पहिल्यापासून बघत गेले. खरं तर दुसऱ्या फेरीत मी बोळातला माणूस शोधतच नव्हते. मी गेनू शोधत होते. एवढा दुष्ट, एवढा डूख धरणारा माणूस, तो तोंडावरून कळलाच पाहिजे असं मला वाटत होतं. आठही जण बाजारातल्या माणसांसारखे दिसत होते. त्यांतला गेनू कोण, ते मला अखेरपर्यंत कळलं नाही.

“साहेब, यांत तो नाही,” मी म्हणाले.

“पुन्हा बघायचंय?”

“नको. दोनदा बघितलं. नाही.”

मामलेदारांनी तसं लिहून घेतलं. बाहेर रणनवरे वाट बघत होते.

“बाई, घाबरलात का?”

“घाबरले असते तर कुणाला तरी हात लावून मोकळी झाले असते,” मी म्हणाले.

महिपती मला घरापर्यंत पोचवायला आला, कारण ते त्याचं काम होतं. रस्ताभर माझ्या पुढे झपाझप चालत राहिला. आमच्या ओट्याशी आल्यावर मात्र त्याचा तोल गेला.

“अक्का, जमादारांचं रक्त सांडलं, त्याची तुम्हालाच काही किंमत नसेल तर आम्ही कशाला मरायचं?”

“महिपती, चहा घे,” आतून आबांचा आवाज आला.

“नको, साहेब. ड्युटी आहे,” म्हणून तो गेला. त्यानंतर बरेच महिने तो आमच्या घरी आला नाही. लायनीतल्या बायकाही आईशी जेवढ्यास तेवढं बोलू लागल्या. गेनू सुटला. बाजारात लोक म्हणायचे, जमादाराची पोरगी भ्याली.

त्या दिवशी मात्र आईला वेगळीच काळजी होती. “अगं, केस असे सोडून गावातनं आलीस? आकडा कुठाय?”

“पडला कुठंतरी.”

“पितळेचा होता!”

मी आबांजवळ जाऊन बसले. त्यांनी डोळे मिटलेले होते.

“नाडी दिलीस?”

“दिली.”

“मामलेदारांना कळलं?”

“नाही. मला कळलं.”

मिशा जरा हलल्या. मी म्हणाले, “आबा, मी तोच आहे असं धरून गेले होते.”

“ठाऊक आहे मला.”

“मग माझ्या हातात कशाला दिलीत? दुसऱ्या कुणाच्या हाती मामलेदारांकडे पाठवायची.”

“कुणाच्या हाती? लायनीतल्या? वाटेत हरवली असती.”

“आणि माझ्याकडून हरवली असती म्हणजे?”

आबांनी डोळे उघडले. “तर का हरवली म्हणून मी तुला विचारलं नसतं,” म्हणाले. “आयुष्यात कधीच विचारलं नसतं.”

पुढच्या माघात शेजारच्या तालुक्यात एक माणूस चोरीच्या मालासकट सापडला, आणि बोलता बोलता कुंभेरीच्या जमादाराचं डोकं आपण फोडल्याचं बोलून गेला. भावकीच्या भांडणात पूर्वी कधीतरी आबांनी त्याला चारचौघांत थोबाडीत मारली होती, ती त्यानं मनात धरली होती. आबांना त्याचं नावही आठवेना.

“खरंच मारली होती का हो?” आईनं विचारलं.

“मारली असेन,” आबा म्हणाले. “तेव्हा मारायचो.”

पुन्हा परेड ठरली. आदल्या दिवशी महिपती आमच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“काकी, एक नाडी द्या.”

“एक कशाला? दोन ने,” आई म्हणाली. “आणि ओवायला काही आहे का तुमच्या ठाण्यात?”

“बांबूची काडी केलीय.”

“मग बस. चहा टाकते.”

त्या परेडीला सगळी माणसं हात सोडून उभी होती. मला दुसऱ्या फेरीची गरज पडली नाही. चौथ्या माणसाशी आले आणि पायच थांबले. तेच गाल, त्याच भुवया. मी हात उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला. कोर्टात वकिलानं मला उलटंसुलटं खूप विचारलं. माझं एक अक्षर हललं नाही.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी आबा ओट्यावर बसून ठाण्याचे टोल मोजत होते. एक माणूस येऊन खाली अंगणात उभा राहिला. देवीचे वण असलेला. माझ्या डोळ्यांना तो ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना.

“रामराम, जमादार.”

“रामराम, गेनू. बैल बांधून ठेवायला सांगू का लोकांना?”

“आता म्हशी राखतो. बैलांचा नाद सोडला.” तो हसला, मग हसू गेलं. “मी मारलं असतं ना जमादार, तर समोरून मारलं असतं.”

“तेच मी फौजदारांना सांगितलं होतं. ते म्हणाले, असं कागदावर कसं लिहू?”

गेनूनं बंडीच्या खिशातून एक चिंधी काढली, सोडली, आणि त्यातलं काढून एकेक वस्तू ओट्यावर ठेवली. आधी माझा पितळी आकडा.

“हा बाईंचा. तेव्हाच द्यायचा होता. पण तेव्हा आलो असतो तर लोक म्हणाले असते, यांचं आधीच ठरलं होतं.”

आई दारात आली होती. तिनं आकडा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. “पडला होता, नाही का?”

मग त्यानं नाडी ठेवली. धुऊन, घडी घालून आणली होती.

“आणि ही तुमची, जमादार.”

आबांनी ती उचलली, दोन्ही हातांनी ताणून बघितली, जशी देताना बघितली होती तशीच. पीळ पक्का होता. त्यांनी ती परत गेनूच्या हातात दिली.

“राहू दे तुला. सरकारी नाही ती. घरची आहे.”